कुंकवातला पारा

कुर्डुवाडीहून पुण्याच्या दिशेला निघालं की धवळस मागं पडतं आणि केम येतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव उत्तरेश्वराच्या देवळासाठी आणि कुंकवासाठी ओळखलं जातं. मुंबईकराला मात्र केम म्हटलं की परळचं केईएम रुग्णालय ऐकू येतं. दादरला एकदा बोलता बोलता मी 'केमचं कुंकू आणलंय' म्हणाले, तर शेजारच्या काकूंनी काळजीनं विचारलं, "कुणाला ठेवलंय तिथं?" गंमत जाऊ दे. या लेखात दोन्ही केमांचं काम पडणार आहे.

निमित्त हळदीकुंकवाचं. यंदा वाण म्हणून कुंकवाची डबी मिळाली आणि डबीला रबरबँडनं बांधलेली एक छापील चिठ्ठी: 'कुंकू लावण्यामागचं विज्ञान'. चिठ्ठीतला मजकूर नवा नव्हता. तुमच्याही फोनवर तो कधी ना कधी येऊन गेला असेल. वाण देणाऱ्या वहिनी एम.एस्सी. झालेल्या, त्यातही रसायनशास्त्रात, म्हणून मी जरा चक्रावले. मग वाटलं, इतक्या शिकलेल्या बाईला ही चिठ्ठी खरी वाटते, तर ती नुसती हसून बाजूला टाकण्यासारखी नाही. तिला नीट उत्तर द्यायला हवं.

खंडनाला बसायचं तर पूर्वपक्ष आधी पुरता मांडावा, आणि समोरच्यानं मांडला असता त्याहून बरा मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. तर पूर्वपक्ष असा. कुंकू हळद, चुना आणि पारा यांपासून होतं. पारा शीतल असतो, तो कपाळातून झिरपून ताण कमी करतो, रक्तदाब आटोक्यात ठेवतो. दोन भुवयांच्या मधली जागा हे आज्ञाचक्र. तिथं मज्जातंतूंचं जाळं असतं, म्हणून नेमकं तिथंच लावायचं. हळद जंतुनाशक आहे, हे तर आता अमेरिकेनंही मान्य केलं. हळदीचं पेटंट आपण परत मिळवलं ते उगाच का? आणि शेवटचं, सर्वांत वजनदार वाक्य: इतक्या पिढ्यांनी जे केलं त्यात काही तथ्य असल्याशिवाय ते टिकलं असतं का?

सुरुवात पाऱ्यापासून करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

हळदीनं माखलेला सदरा धुवायला घेऊन त्याला साबण लावलात की डाग क्षणात लाल होतो. लग्नघरातल्या प्रत्येक बाईनं हे पाहिलेलं आहे. हळदीत साधारण तीन टक्के कर्क्युमिन असतं, आणि ते शाळेतल्या लिटमससारखं दर्शक आहे. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं. सामू साडेसात-आठच्या पुढं गेला की तांबडं. साबण आम्लारिधर्मी, चुना तर त्याहून कितीतरी जास्त. चुन्याच्या निवळीचा सामू बाराच्या वर असतो. म्हणून हळदीत चुना पडला की तांबडं. इथं पाऱ्याचा कुठं संबंध आला? कुठंच नाही. हळकुंडात पारा नाही, चुनखडीत नाही, आणि त्या दोघांच्या एकत्र येण्यानं तो निर्माण होणंही शक्य नाही. मूलद्रव्यं अशी खलबत्त्यात जन्माला येत नसतात.

मग हा पारा आला कुठून? नावांच्या गोंधळातून. लाल दिसणाऱ्या, कपाळाला आणि देवाला लागणाऱ्या तीन अगदी वेगळ्या वस्तू आपल्या घरात एका पाटावर बसतात. एक कुंकू, म्हणजे हळदीचं. दुसरा शेंदूर, तो शिशाचं ऑक्साइड, मारुतीला आणि शेतातल्या म्हसोबाला फासतात तो. तिसरा हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. चित्रकार आणि वैद्य यांच्या कामाचा. या तिघांत पारा फक्त हिंगुळात. उत्तरेकडं 'सिंदूर' हा एकच शब्द कधी शेंदराला, कधी हिंगुळाला, कधी साध्या कुंकवाला वापरला जातो. तिकडचा मजकूर मराठीत आणताना कुणीतरी सिंदूरच्या जागी कुंकू लिहिलं आणि हिंगुळातला पारा हळदीच्या डबीत येऊन पडला. माझा हा तर्क आहे, पण चिठ्ठीतली वाक्यरचना पाहिली की तो पटतो.

आता आपल्या बाजूचीही एक चूक कबूल करते. 'हळद अधिक चुना बरोबर कुंकू' हे समीकरण आम्ही विज्ञान सांगणारी मंडळी फार सहज फेकतो. ते अर्धंच खरं आहे. कुंकवाची जुनी कृती ऐकली तर तीत हळकुंडं लिंबाच्या रसात तुरटी आणि टाकणखार घालून मुरवायची, सावलीत वाळवायची, मग कुटून वस्त्रगाळ करायची, असं येतं. ऐकताक्षणी शंका यायला हवी. लिंबू आम्ल, तुरटीही आम्लधर्मी. आम्लात हळद पिवळीच राहते असं आत्ताच म्हटलं. मग ही हळकुंडं लाल कशी होतात?

उत्तर टाकणखारात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. सोनार डाग देताना वापरतो तो. त्यात बोरॉन असतं, कॅरमच्या बोरिक पावडरीत असतं तेच. आम्लाच्या सोबतीत आणि ओल उडत असताना कर्क्युमिनचे रेणू बोरॉनला दोन्ही बाजूंनी कवटाळतात आणि गडद लाल संयुग तयार होतं. रसायनशास्त्रात त्याला रोझोसायनिन म्हणतात. ही ओळख इतकी भरवशाची की हळदीत भिजवून वाळवलेला कागद बोरिक आम्ल शोधायला वापरत असत, आणि माती-पाण्यातलं बोरॉन मोजायला प्रयोगशाळा आजही कर्क्युमिन वापरतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुंकू करणाऱ्यांच्या हातात जी प्रक्रिया होती, तीच पुढं पृथक्करणशाळेत मोजमापाचं साधन झाली. चिठ्ठी लिहिणाऱ्याला अभिमानच बाळगायचा होता तर इथं जागा होती. पण त्याला हे ठाऊक नसावं.

दोन्ही लाल रंगांत फरक मोठा आहे. चुन्याचा लाल कच्चा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला हळूहळू खडूत बदलतो, त्याची धार जाते. शिवाय आम्लारिधर्मी ओलीत कर्क्युमिन स्वतःही मोडत जातं. घाम थोडा आम्लधर्मी असतो, तो लागला की कडा पिवळ्या पडतात. बोरॉनचा लाल आम्लाला दाद देत नाही. जुन्या करंड्यातलं कुंकू वर्षानुवर्षं टिकायचं आणि जत्रेतली पुडी महिन्यात विटते, याची बाकीही कारणं असतील, पण हे एक नक्की. आणि दोन्हींना ऊन वैरी: हळदीचा डाग उन्हात घातला की फिका होतो, तसंच.

पाऱ्याकडं परत येते. क्षणभर मानू की कुणी हिंगूळ मिसळून कुंकू केलं. तर ते औषध ठरेल का? इथं मला पूर्वपक्षाच्याच घरातला साक्षीदार बोलवायचा आहे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात कच्च्या पाऱ्याचे दोष सांगितलेत आणि तो वापरण्यालायक करायला अठरा संस्कार सांगितलेत. त्या संस्कारांनी पारा खरोखर निर्धोक होतो का, हा वेगळा वाद; मी त्यात आत्ता शिरत नाही. पण ज्या शास्त्राची शपथ घेतली जाते तेच शास्त्र सांगतं की पारा तसाच अंगाला लावण्याची वस्तू नाही. 'पारा शीतल म्हणून ताण उतरतो' हे त्या शास्त्राच्याही नावावर खपवता येत नाही.

आणि पारा कातडीला रोज लावला तर काय होतं, हे आपल्याकडं लांब जाऊन शोधायला नको. अकोल्यात एकाच घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं एकापाठोपाठ एक बिघडली. तिघींत समान गोष्ट एकच होती: चेहरा उजळ करणारं एक क्रीम. परळच्या केईएममध्ये तपासणी झाली, आणि त्या क्रीममध्ये पारा भरपूर निघाला. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनीही अशाच रुग्णांची मालिका नोंदवली. मूत्रपिंडाच्या गाळणीचा पडदा जाड होऊन लघवीतून प्रथिनं वाहून जाण्याचा तो विकार, आणि त्यातल्या बहुतेकांनी गोरेपणाची क्रीमं लावल्याचं सांगितलं. पाऱ्याचे क्षार कातडीत रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून चेहरा उजळतो. ते आत शिरतात, म्हणून मूत्रपिंड जातं. हिंगूळ या क्षारांच्या मानानं पाण्यात जवळजवळ न विरघळणारा, त्यामुळं तो कपाळावर तितका धोक्याचा नाही, हेही सांगायला हवं. पण मग त्याच न्यायानं तो कपाळातून झिरपून ताणही उतरवणार नाही. झिरपत असेल तर विष, झिरपत नसेल तर निरुपयोगी. यातून तिसरी वाट चिठ्ठीवाल्यानं दाखवावी.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे प्रसाधनात पाऱ्याची संयुगं घालता येत नाहीत. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर नकळत आलेला पारा दशलक्षात एक भागाच्या वर चालत नाही. रंगासाठी शिशाची नि आर्सेनिकची संयुगंही वर्ज्य. तेव्हा 'आमच्या कुंकवात पारा आहे' ही जाहिरात करणारा खरं तर गुन्ह्याची कबुली लिहून देतो आहे. केमच्या एखाद्या कारखानदारानं ही चिठ्ठी आपल्या पाकिटाला बांधली तर त्यानं आधी वकील गाठावा.

आज्ञाचक्राबद्दल थोडक्यात. योगमार्गातली चक्रं ही ध्यानाची भाषा आहे आणि त्या भाषेत ती बोलली तर माझा काही वाद नाही. पण 'मज्जातंतूंचं जाळं' म्हटलं की आपण शरीररचनेच्या दालनात आलो, आणि तिथं कपाळाच्या मध्यावर असं वेगळं जाळं नाही. संवेदनेचे बारीक मज्जातंतू तिथं आहेत, ते गालावर आणि ओठांवरही आहेत. ओठांवर तर कितीतरी दाट. भुवयांच्या मध्ये बोट दाबून फिरवलं की बरं वाटतं, हे खरं. ते बोटाचं काम आहे. कुंकू न लावता दाबलं तरी तितकंच बरं वाटतं, पुरुषांनाही.

कोरडी पूड निरोगी कातडीतून फारशी आत जात नाही. कातडीचं कामच ते आहे. पण कातडीवरच मात्र तिला बरंच काही करता येतं, आणि इथं 'नैसर्गिक' शब्दाची भूल पडते. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कुंकवामुळं झालेल्या त्वचादाहाच्या ४६ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी १९८६ मध्ये सिंगापूरच्या रुग्णांवरून लिहिलेल्या निबंधात कुंकवातले दोषी घटक शोधलेले होते: ब्रिलियंट लेक रेड, सुदान-१ असे कृत्रिम रंग आणि एक सुगंधी तेल. कपाळाला खाज, मग काळपट चट्टा. बाई तो चट्टा झाकायला कुंकू आणखी मोठं लावते, आणि चट्टा कुंकवाच्या मागोमाग वाढत जातो. हळदीचीही ॲलर्जी काहींना असते, त्यामुळं शुद्ध हळदीचं कुंकू सगळ्यांनाच सोसेल असं नाही. टाकणखारही तितका निरुपद्रवी नाही; अखंड कातडीतून तो जेमतेम आत जातो, खरचटलेल्या कातडीतून जातो. आणि निसर्गाचीच साक्ष काढायची तर शिसं आणि पारा हे निसर्गानं दिलेलेच आहेत.

कपाळावरच्या पांढऱ्या डागाची गोष्ट तर वेगळीच. 'कुंकू उष्ण पडलं' असं बायका एकमेकींना सांगतात, घरचे लोक कोड समजून लग्नाच्या काळजीत पडतात. बहुतेक वेळा असा गोल, नेमका टिकलीएवढा डाग टिकलीच्या गोंदाचा असतो. अलाहाबादच्या डॉ. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की टिकलीच्या चिकट थरात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल सुटं असतं. रंगपेशी ज्या टायरोसिनपासून रंग बनवतात त्याच्याशी हा रेणू मिळताजुळता. पेशी तो आपला म्हणून आत घेते आणि मरते. रबरातल्या अशाच एका द्रव्यानं अमेरिकेतल्या कातडी कमावणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडल्याचं १९३९-४० मध्येच नोंदलं गेलं होतं, त्यांच्या हातमोज्यांमुळं. माझी आजी मेणावर कुंकू लावायची. मेणाला नावं ठेवून आम्ही टिकलीकडं आलो ती सोयीसाठी, आणि सोय म्हणून ती उत्तमच आहे. फक्त डाग दिसू लागला की टिकली काढून ठेवायची आणि त्वचारोगतज्ज्ञाकडं जायचं. उष्णतेच्या पथ्याला ताक पीत बसण्यात महिने जातात.

हळदीच्या पेटंटाचा मुद्दा मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण त्यातला अभिमान खरा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते रद्द झालं. हळदीचा विजय म्हणून आपण तो साजरा केला, करायलाच हवा होता. पण नेमकं काय सिद्ध झालं ते पाहा. पेटंटाच्या दरबारात प्रश्न एवढाच असतो की ही गोष्ट नवी आहे का. सीएसआयआरनं संस्कृत ग्रंथांचे दाखले दिले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा निबंध पुढं केला, आणि दाखवलं की भारतात हे आधीपासून माहीत आहे. नवं नाही, म्हणून पेटंट नाही. हळदीनं जखम किती बरी होते, हा प्रश्न तिथं निकालात निघालाच नाही. उद्या कुणी मांजर आडवं गेल्यास सात पावलं मागं येण्याचं पेटंट मागितलं तर तेही आपण याच पुराव्यानं रद्द करून घेऊ.

उपयोगाचा हिशोब वेगळीकडं मांडला गेला, आणि तो फारसा उत्साहवर्धक नाही. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त आलेल्या विस्तृत आढाव्यानं कर्क्युमिनच्या १२० पेक्षा जास्त वैद्यकीय चाचण्यांचा विचार केला. रुग्ण आणि वैद्य दोघांनाही अंधारात ठेवून, खोट्या गोळीशी तुलना करून घेतलेल्या कुठल्याही चाचणीत त्याला निर्विवाद यश मिळालेलं नव्हतं. पोटातून ते शोषलं जात नाही, रक्तात टिकत नाही, आणि प्रयोगनळीतल्या चाचण्यांत ते इतक्या गोष्टींना चिकटतं की प्रत्येक ठिकाणी गुण आल्याचा भास होतो. पोटात घेतलेल्या ग्रॅमभर शुद्ध द्रव्याची ही कथा. मग कपाळावरच्या चिमटीभर हळदीतल्या तीन टक्क्यांनी रक्तदाब उतरावा ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

राहिलं शेवटचं वजनदार वाक्य: पिढ्यान्‌पिढ्या टिकलं म्हणजे त्यात तथ्य असणारच. या युक्तिवादाला मी प्रयोगशाळेतून उत्तर देणार नाही. ते आपल्याच घरांत आहे. कुंकू जर ताण उतरवणारं, रक्तदाब सांभाळणारं औषध होतं, तर ते नवरा गेलेल्या बाईच्या कपाळावरून का पुसलं? त्या दिवशी तर तिच्याइतकी ताणाखाली दुसरी कुणी नसते. औषध मानत असते तर तिला दुप्पट लावलं असतं. आणि पुरुषांनी रक्तदाबाच्या एवढ्या साध्या उपायाला शतकानुशतकं का नाकारलं? त्याचा अर्थ सरळ आहे. कुंकू लावणाऱ्या आणि पुसणाऱ्या, दोघांच्याही मनात ते औषध कधीच नव्हतं. ते सौभाग्याचं चिन्ह होतं. चिन्ह म्हणून लावलं, चिन्ह म्हणून हिसकावलं. औषधाची कथा मागाहून, चिन्हाचा अडचणीचा अर्थ झाकायला आलेली आहे.

या जागी केमचा करमाळा तालुका पुन्हा आठवतो. विधवा प्रथेविरुद्धच्या अलीकडच्या मोहिमेला चालना देणारे प्रमोद झिंजाडे याच तालुक्यातले, महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हे अनुसरावं असं परिपत्रक काढलं. कुंकू करणारं गाव आणि कुंकू पुसू नका म्हणणारा माणूस एकाच तालुक्यातले, हा योगायोगच. पण केमच्या धंद्याच्या दृष्टीनंही तो बरा म्हणायचा. त्या ठरावाला पाऱ्याचा किंवा आज्ञाचक्राचा आधार लागला नाही. बाईला हवं असेल तर ती लावेल, एवढं पुरलं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांचंही खंडन केलं नाही तर हा लेख लबाड ठरेल. यांच्या मते बाजारातलं सगळं कुंकू विषारी, तेव्हा ते घरातून हद्दपार करा. हाती बातमी असते अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासाची. सिंदुराचे ११८ नमुने, काही न्यू जर्सीच्या दुकानांतले, काही मुंबई-दिल्लीचे. अमेरिकेतल्या ८३ टक्के आणि भारतातल्या ७८ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. मथळा इथंच संपतो. पण 'सापडलं' याचा अर्थ दशलक्षात निदान एक भाग, आणि शेतातल्या साध्या मातीतही शिसं दहा-वीस भाग सहज असतं. खरी बाब पुढच्या ओळीत होती: अमेरिकेची मर्यादा दशलक्षात वीस भागांची, आणि ती ओलांडणारे नमुने तिथले १९ टक्के, भारतातले ४३ टक्के. तीन नमुन्यांत तर शिसं दहा हजार भागांच्याही वर होतं. तेवढं शिसं मातीतून चुकून येत नाही, ते शेंदूर म्हणूनच घातलेलं असतं.

म्हणजे काळजी खरी, पण ती सरसकट सगळ्या कुंकवाची नाही; शेंदराची आणि शेंदूर मिसळलेल्या मालाची आहे. आणि शिसं कपाळातून आत जात नाही, ते बोटावरून तोंडात जातं. मारुतीच्या अंगाला हात लावून त्याच हातानं प्रसाद घेणं, रांगत्या पोराच्या कपाळाला शेंदूर लावणं आणि त्यानं तो हातानं पुसून चोखणं, धोका इथं आहे. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी कुठली मात्राच माहीत नाही. शेंदराच्या पुडीवर 'फक्त पूजेसाठी' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते एक वाक्य त्या पुडीवरचं सर्वांत खरं वाक्य समजावं. देवाला लावा, हात धुवा.

बाकी बाजारात स्टार्च किंवा शंखजिऱ्याच्या भुकटीत कृत्रिम रंग घालून केलेलं कुंकू पुष्कळ येतं. ते सगळं घातक असतं असं नाही. प्रसाधनाला परवानगी असलेला रंग असेल तर बहुतेकींना काही होत नाही. पण ते हळदीचं म्हणून हळदीच्या भावात विकणं ही फसवणूक आहे, आणि हळकुंडं मुरवून, वाळवून कुंकू करणाऱ्याचं पोट त्यानं मारलं जातं. दुकानात विचारायचा प्रश्न 'नैसर्गिक आहे का' हा नाही, कारण त्याला उत्तर नेहमी हो असंच येतं. रंग कशाचा, करणाऱ्याचं नाव-पत्ता कुठं आहे, आणि शिशाची तपासणी झालीय का, हे विचारावं. तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार गोंधळेल. गोंधळू दे, दहाजणींनी विचारलं की तो घाऊक व्यापाऱ्याला विचारेल.

घरी थोडं पाहता येतं. बशीत चिमूटभर कुंकू पाण्यात कालवून त्यावर लिंबू पिळायचं. पिवळं पडलं तर हळद आणि चुना. लालच राहिलं तर त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकायचं. काळपट हिरवं-निळं झालं तर हळद आणि टाकणखार, कारण बोरॉनचा तो लाल आम्लारीत असाच काळवंडतो. दोन्ही वेळा ढिम्म राहिलं तर रंग हळदीचा नाही. मिसळ असेल तर निकालही मिसळीचा येतो, आणि शिसं किती आहे हे या खेळातून मुळीच कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. एक इशारा मात्र बोटांना मिळतो: शेंदूर आणि हिंगूळ दोन्ही पाण्याच्या आठपट जड, त्यामुळं पुडी आकाराच्या मानानं नको इतकी जड लागली तर ती कपाळाला लावू नये.

वहिनींना हे सगळं फोनवर सांगितलं. त्या जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "अगं, चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. दुकानातूनच बांधून आली." दुसऱ्या दिवशी सोड्याचा पुडा घेऊन त्या स्वतःच आल्या. आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन बशा मांडल्या: माझ्या आजीच्या करंड्यातलं तळाशी राहिलेलं, जत्रेतल्या पुडीतलं, आणि वाणाच्या डबीतलं. जत्रेतलं लिंबाबरोबर पिवळं झालं. आजीचं लिंबाला बधलं नाही, सोडा पडताच शेवाळासारखं काळंहिरवं झालं, वहिनी मोठ्यानं "बोरॉन!" म्हणाल्या, कॉलेजात असल्यासारख्या. वाणाचं लिंबानंतरही लाल, सोड्यानंतरही लाल. त्या डबीच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: शंभर टक्के हळदीपासून.